अंध-पंगू न्याय आणि चौथा मजला

एक आंधळा आणि एक पांगळा रानात वाट चुकतात. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो, एक वाट सांगतो, दुसरा चालतो आणि दोघेही मुक्कामाला पोचतात. सांख्य तत्त्वज्ञांनी प्रकृती आणि पुरुष, म्हणजे जड सृष्टी आणि चैतन्य, यांचं नातं समजावताना दिलेला हा दृष्टांत आपल्या अंगवळणी पडलेला आहे. वेगवेगळं अपंगत्व असलेल्या माणसांच्या मैत्रीचा विषय निघाला की कुणीतरी अंध-पंगू न्याय काढतोच. तत्त्वज्ञानात तो ठीक आहे. खऱ्या माणसांना लावला की दोन ठिकाणी अडतो. त्यात प्रत्येकाकडे नेमकी एकच उणीव आणि एकच उपयोग आहे, आणि मुक्काम आला की दोघांचा एकमेकांशी संबंध संपतो.

प्रत्यक्षात हे सगळं कितीतरी गुंतागुंतीचं असतं. ते नीट दिसावं म्हणून एक प्रकरण घेतो. एप्रिल १९७७, सॅन फ्रान्सिस्को. शंभराहून अधिक माणसांनी एका सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर साडेतीन आठवडे ठिय्या दिला. त्यातली बहुतेक अपंग होती. अमेरिकेच्या अपंग हक्क चळवळीच्या इतिहासात ही घटना कायद्यासाठी नोंदली जाते आणि ते बरोबरच आहे. इथे मात्र मला कायद्यापेक्षा त्या मजल्यावरच्या रात्री महत्त्वाच्या वाटतात. अंध, कर्णबधिर, व्हीलचेअरवरचे, बोलायला त्रास होणारे, मानसिक आजारातून गेलेले, असे सगळे एका छताखाली आले आणि घरी जायची सोय उरली नाही तेव्हा कोणी कोणाचं काय केलं, हा इथला प्रश्न आहे.

मागचा संदर्भ, थोडक्यात

१९७३ साली अमेरिकेत पुनर्वसन कायदा झाला. त्यातलं कलम ५०४ जेमतेम एका वाक्याचं. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमातून पात्र अपंग व्यक्तीला केवळ अपंगत्वापायी वगळता येणार नाही, लाभ नाकारता येणार नाहीत, भेदभाव करता येणार नाही. शाळा, विद्यापीठं, रुग्णालयं. सरकारी पैसा कुठे नसतो? पण कलम चालायला नियमावली लागते आणि ती आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याने काढायची होती. मसुदा तयार झाला, सहीला मुहूर्त मिळेना. राष्ट्राध्यक्ष निक्सन गेले, फोर्ड गेले. जानेवारी १९७७ मध्ये कार्टर आले आणि या खात्याचे त्यांचे मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी फेरविचारासाठी वेळ मागून घेतला. फेरविचार म्हणजे काटछाट, हे ओळखायला कुणाला वेळ लागला नाही.

अपंगांच्या संघटनांची एक राष्ट्रीय आघाडी होती. तिचे प्रमुख फ्रँक बो स्वतः कर्णबधिर होते. या आघाडीने ४ एप्रिलपर्यंत मुदत दिली. ती टळली तेव्हा ५ एप्रिलला वॉशिंग्टनच्या मुख्यालयात आणि अनेक शहरांतल्या विभागीय कार्यालयांत एकाच दिवशी निदर्शनं झाली. वॉशिंग्टनचा ठिय्या साधारण २८ तासांत आटोपला. अन्न आत जाऊ दिलं नाही, फोन करू दिले नाहीत, माणसं बाहेर पडली. बाकीच्या शहरांतही फार काळ कुणी टिकलं नाही. सॅन फ्रान्सिस्को टिकलं.

का टिकलं, याचं उत्तर पुष्कळदा जिद्द, धैर्य अशा शब्दांत दिलं जातं. जिद्द वॉशिंग्टनमध्येही होती. फरक तयारीत होता. शेजारच्या बर्कली शहरात १९७२ पासून अपंगांनी स्वतः चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र होतं. व्हीलचेअर वापरणारे आणि अंध तिथे एकाच कार्यालयात काम करत, एकमेकांशी भांडत. किटी कोन या संघटक बाईंनी ठिय्याच्या आधीच समित्या नेमल्या होत्या, चर्च, कामगार संघटना आणि इतर चळवळींशी बोलून ठेवलं होतं. त्यांना स्वतःला स्नायूंचा क्षय होत जाणारा आजार होता.

तरीही, आत शिरलेल्यांपैकी पुष्कळांना दुसऱ्या प्रकारचं अपंगत्व असलेल्या माणसाशी पोटभर बोलायची ही पहिलीच वेळ होती. त्यात नवल काही नाही. अंधांची शाळा वेगळी, कर्णबधिरांची वेगळी, पोलिओ झालेलं मूल घरी किंवा रुग्णालयात. संघटना वेगळ्या आणि मागण्याही वेगळ्या. अनेक कर्णबधिर तर स्वतःला अपंग मानायलाच तयार नसतात; आमची भाषा वेगळी आहे एवढंच, असं त्यांचं म्हणणं असतं आणि त्यात तथ्य आहे. शिवाय मनात एक उतरंडही असते, ती कुणी उघड बोलत नाही. व्हीलचेअरवरचा म्हणतो, निदान माझं डोकं शाबूत आहे. अंध म्हणतो, निदान मी माझ्या पायांवर उभा आहे. ही उतरंड पाडायला व्याख्यानं पुरत नाहीत.

रात्री कूस कोण बदलणार?

बरेच जण एक दिवसाच्या निदर्शनाला म्हणून आले होते. औषधं नाहीत, कपडे नाहीत, रोज अंगाला हात लावणारा मदतनीस सोबत नाही. संध्याकाळी राहायचं ठरलं तेव्हा याचा अर्थ काय होतो, हे चालत्या-फिरत्या माणसाच्या लक्षात येत नाही. मानेखालचं शरीर हलत नसेल आणि संवेदनाही नसेल, तर रात्री ठरावीक वेळाने कुणीतरी कूस बदलून द्यावी लागते. नाही दिली तर हाडाच्या उंचवट्यावरची कातडी दबून बेडसोर होतो आणि तो चिघळला तर जिवावर बेततं. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी वेळेवर रिकामी झाली नाही तर आणखी वेगळा धोका. अशा माणसाने फरशीवर झोपायचं ठरवणं म्हणजे आपलं शरीर काल-परवापर्यंत अनोळखी असलेल्या हातांत देणं.

हे हात मग दुसऱ्या अपंगांचेही होते आणि इथेच अंध-पंगू न्यायाचं गणित मोडतं. जोड्या सरळ जुळत नाहीत. अंध माणूस आणि हातपाय न हलणारा माणूस, ही जोडी सोपी. कूस बदलायला उजेड लागत नाही. ‘डावा खांदा धर, आता गुडघ्याखाली हात घाल, हळू’ एवढं सांगणारा आवाज पुरतो. स्पर्शाने काम करायची सवय असलेला माणूस डोळसापेक्षा बरं काम करतो, कारण तो गडबड करत नाही. तीच जागा कर्णबधिर माणसाने घेतली तर? अंगात ताकद आहे, नजर आहे, पण झोपलेल्याचा आवाज त्याला ऐकू येत नाही आणि झोपलेल्याचे हात चालत नाहीत, तेव्हा खुणाही नाहीत. दिवा लावावा लागतो. ओठ, भुवया, नजरेची दिशा यांवर भागवावं लागतं. पहिल्यांदा चुका होतात, मग दोघांपुरती एक भाषा बनते.

सगळ्यांत अवघड जोडी अंध आणि कर्णबधिर यांची. एकाची भाषा कानाची, दुसऱ्याची डोळ्याची. मध्ये बोलता आणि खुणा करता येणारा तिसरा असेल तरच गप्पा होतात. म्हणजे या दोघांची मैत्री मुळात तिघांची असते. कर्णबधिरांचा घोळका खुणांमध्ये हसतोय आणि शेजारी अंध माणूस बसलाय, त्याला त्या हसण्याचा पत्ताच नाही, हे अशा ठिकाणी हमखास होतं. कुणाचाच दोष नसतो, पण लागायचं ते लागतं. त्यावर उपाय एकच, तिसऱ्याने सतत मध्ये पडायचं. आणि तो तिसरा पुष्कळदा थकतो.

आता या मदतीत एक गोष्ट विशेष होती. मदतीला येणाऱ्याने आधी विचारायचं असतं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. रस्ता ओलांडायचा नसताना दंडाला धरून पलीकडे नेलेला अंध माणूस दुसऱ्याच्या व्हीलचेअरच्या मुठी न विचारता धरत नाही. आपल्याऐवजी सोबतच्याशीच लोक बोलतात, हे आयुष्यभर सोसलेली बाई तोंडातून शब्द कष्टाने काढणाऱ्या माणसाचं वाक्य परस्पर पूर्ण करून टाकत नाही. सगळेच काही असे संत नसतात; पण निदान ही चूक म्हणजे काय, ते त्यांना आतून ठाऊक असतं. अनोळखी माणसांत इतक्या लवकर विश्वास बसला, त्यामागे मला तरी हे कारण मोठं वाटतं.

खात्याने फोन तोडले आणि गरम पाणी बंद केलं. औषधं थंड ठेवायला फ्रिज नव्हता. वातानुकूलन यंत्राच्या तोंडावर एक खोकं चिकटपट्टीने बसवून त्याचा फ्रिज केला गेला. फोन तुटले तेव्हा कर्णबधिरांचं पारडं एकदम जड झालं. चौथ्या मजल्याच्या खिडकीत उभं राहून ते खाली रस्त्यावरच्या दुभाषांशी खुणांनी बोलू लागले. आतली बातमी बाहेर आणि बाहेरची आत, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत. तोवर बैठकांमध्ये ज्यांच्यासाठी सगळ्यांना थांबावं लागत होतं, त्यांच्यावाचून आता कुणाचं चालेना. ‘गरजू’ आणि ‘मदत करणारा’ या जागा कायमच्या नसतात, परिस्थिती बदलली की त्या बदलतात, हे याहून स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला माहीत नाही.

परतफेड कुणाला?

ज्युडी ह्यूमन या ठिय्याच्या प्रमुख नेत्या. लहानपणी पोलिओ झालेला. अंथरुणात जायला आणि अंथरुणातून उठायला त्यांना दुसऱ्याचे हात लागत. १५ एप्रिलला फिलिप बर्टन आणि जॉर्ज मिलर या दोन संसद सदस्यांनी त्याच इमारतीत सुनावणी घेतली, तेव्हा खात्याचा प्रतिनिधी बोलणाऱ्यांपुढे मान डोलावत होता. ह्यूमन यांनी आवाज कापत असतानाही त्याला सुनावलं, की आम्ही काय बोलतोय ते तुम्हाला समजलंय असं वाटत नाही, तेव्हा सहमतीची मान हलवणं बंद करा. त्याच सुनावणीत तो अधिकारी दालन सोडून एका खोलीत जाऊन बसला आणि बर्टन यांनी जाऊन त्या दारावर लाथा मारल्या.

हा प्रसंग धैर्याचा म्हणून सांगतात. मला त्यात आदली रात्र दिसते. त्या बाईंना कुणीतरी झोपवलं होतं, सकाळी कुणीतरी उठवून खुर्चीत बसवलं होतं. ज्याने ते केलं त्याला परतफेड म्हणून त्यांनी काही उचलून दिलं नाही, देऊही शकल्या नसत्या. त्यांनी दिलं ते सगळ्यांना मिळून, त्या सुनावणीत. किटी कोन यांचंही तसंच. हाताची ताकद जात चाललेली, पण कुठल्या दिवशी कुणाला फोन करायचा, कोणती मागणी कधी पुढे करायची, हे सगळं त्यांच्या डोक्यातून चाललेलं. देणंघेणं दोघांतल्या दोघांत मिटत नव्हतं, ते फिरत होतं. दोघांतच हिशेब ठेवला असता तर ज्यांचं शरीर सर्वांत कमी चालत होतं ते कायमचे ऋणको ठरले असते.

ब्रॅड लोमॅक्स हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते होते. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे व्हीलचेअरवर आले होते. त्यांच्याबरोबर त्याच पक्षाचे चक जॅक्सन मदतनीस म्हणून आले आणि लोमॅक्स यांच्याबरोबर इतरांचंही करू लागले. आपले दोन माणसं आत आहेत म्हटल्यावर पक्षाने रोज गरम जेवण पाठवायला सुरुवात केली, तेही दोघांपुरतं नाही, सगळ्यांसाठी. पहारेकऱ्यांनी अडवायचा प्रयत्न केला, त्यांनी जुमानलं नाही. एका मैत्रीच्या धाग्याने एवढं मोठं काम ओढून आणलं. समलिंगी पुरुषांच्या बटरफ्लाय ब्रिगेड या गटाने वॉकीटॉकी लपवून आत पोचवले. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी गाद्या आणि अंघोळीसाठी नळ्या पाठवल्या.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. या प्रकरणाचं वर्णन करताना ‘अपंगांनीच अपंगांना सांभाळलं’ असं म्हणायचा मोह होतो. ते अर्धंच खरं. चक जॅक्सन यांच्यासारखे मदतनीस आणि खुणांचे दुभाषी यांच्यावर प्रचंड भार पडला आणि ते स्वतः अपंग नव्हते. त्यांच्याशिवाय हा ठिय्या मोडला असता. परस्पर आधार हा पगारी मदतनिसाला पर्याय आहे, असा निष्कर्ष यातून काढला तर तो सरकारी खजिन्याला फार आवडेल. पण तो चूक आहे. चार आठवडे आणीबाणीत जे निभावतं ते चार वर्षं निभावत नाही. रोज रात्री मैत्रिणीलाच कूस बदलायला लागली तर काही महिन्यांत ती मैत्रीण राहत नाही. शरीराची रोजची कामं करणारा माणूस ठरलेला असला, तरच मैत्रीला मैत्री म्हणून जागा मिळते. बर्कलीच्या केंद्राने मदतनीस मिळवून देणं हे आपलं मुख्य काम मानलं, ते याचसाठी.

दुसरी कडू गोष्ट अशी. या ठिय्यात बौद्धिक अपंगत्व असलेले आणि मनोरुग्णालयांचा अनुभव घेतलेले लोकही होते. पण गोष्ट सांगताना व्हीलचेअरवरचे, बोलके, शिकलेले पुढे येतात आणि हे मागे राहतात. उतरंड मजल्यावर सैल झाली, आठवणींत पुन्हा उभी राहिली.

सगळ्यांची गाठ एकच

बैठका रोज होत आणि रात्री फार उशिरापर्यंत चालत. दुभाषी तयार नसेल तर बोलणं थांबायचं. ज्यांना शब्द काढायला वेळ लागतो त्यांच्यासाठी इतरांनी थांबायचं. मतदानाने पटकन निकाल लावण्यापेक्षा सगळ्यांना पटेपर्यंत बोलत राहायचं. बाहेरच्या राजकीय कार्यकर्त्याला ही पद्धत वेळखाऊ वाटली असती आणि ती होतीच वेळखाऊ. पण बैठकीची गती सर्वांत सावकाश माणसाच्या गतीला बांधली की कुणी मागे राहत नाही, आणि मागे न राहिलेला माणूस फुटत नाही. सरकारचा भर तर माणसं फुटण्यावरच होता.

कारण काटछाटीचा जो विचार चालला होता त्यात एक सापळा होता. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनात असलेल्यांना अपंगांच्या व्याख्येतून काढावं, अपंग मुलांसाठी वेगळ्या शाळांची मुभा ठेवावी, असे मुद्दे त्यात होते. ‘व्यसनींना सोडा, मग तुमचं लगेच करू’ हे आमिष साधं नाही. पोलिओ झालेल्या शिक्षिकेचा दारूच्या व्यसनात असलेल्याशी संबंध काय? मजल्यावरचं उत्तर ठरलेलं होतं: मसुदा आहे तसा, एक शब्दही न बदलता.

मग एक शिष्टमंडळ वॉशिंग्टनला गेलं. विमानतळावरून न्यायला व्हीलचेअर चढतील असं वाहन नव्हतं, तेव्हा यंत्रकामगारांच्या संघटनेने मालवाहू ट्रक भाड्याने घेतला. बंद ट्रक, आत काळोख. त्यात खुर्च्यांसकट बसून ही माणसं कॅलिफानो यांच्या घरासमोर गेली आणि रात्रभर मेणबत्त्या घेऊन थांबली. काळोखात खुणांची भाषा बंद पडते आणि वळणावर खुर्ची घसरते. अशा वेळी शेजारच्याचा हात धरून ठेवणं हीच सूचना आणि तोच ब्रेक.

२८ एप्रिल १९७७ रोजी कॅलिफानो यांनी सही केली. नियमावली मूळ रूपात टिकली. चौथा मजला लगेच रिकामा झाला नाही. लोक बाहेर पडले ते ३० तारखेला.

पुढे

इथून ‘आणि सगळे कायमचे मित्र झाले’ असं लिहायचं तर ते खोटं ठरेल. राष्ट्रीय आघाडी पुढच्या दशकात पैशाअभावी बंद पडली. कर्णबधिरांची चळवळ बरीचशी आपल्या वाटेने गेली. १९८८ साली वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठात कर्णबधिर अध्यक्ष हवा म्हणून झालेलं आंदोलन मुख्यतः त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं. अंधांच्या संघटना अंधांच्या राहिल्या. वेगळेपण गेलं नाही, जायचं कारणही नव्हतं.

टिकलं ते काय, हे १९९० साली दिसलं. अपंगांसाठीचा व्यापक कायदा अमेरिकी संसदेत अखेरच्या टप्प्यात होता. प्रतिनिधिगृहाने त्यात चॅपमन दुरुस्ती घातली: एचआयव्ही असलेल्या कर्मचाऱ्याला अन्न हाताळण्याच्या कामावरून दूर करायची मुभा मालकाला द्या. अन्नातून हा विषाणू पसरत नाही हे तेव्हाही माहीत होतं. प्रश्न गिऱ्हाइकांच्या भीतीचा होता. कित्येक वर्षांची मेहनत हाताशी आलेली, आणि अडसर फक्त अशा लोकांचा ज्यांना त्या काळी कुणी शेजारी बसवून घेत नव्हतं. अपंगांच्या वेगवेगळ्या संघटनांनी मिळून, ती दुरुस्ती असेल तर आम्हाला हा कायदा नको, अशी भूमिका घेतली. दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटींत दुरुस्ती गळली आणि २६ जुलै १९९० रोजी तिच्याशिवाय कायद्यावर सही झाली. त्या संघटनांतल्या बहुतेकांचा एड्सशी स्वतःचा काहीच संबंध नव्हता.